‘आठवा लागलाय’ म्हणजे नेमके किती आठवडे?

शिरोळ, जयसिंगपूर, कुरुंदवाड, कुठल्याही दवाखान्यात गरोदर बाईला ‘कितवा?’ असे विचारले की उत्तर महिन्यात येते. ‘आठवा लागलाय.’ सोबत आलेल्या सासूबाईही तेच सांगतात. बोलीत हे उत्तर पुरेसे असते, पण कळा वेळेआधी सुरू झाल्या की तेच उत्तर डॉक्टरांना कोड्यात टाकते. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून दिनदर्शिकेचे महिने मोजले, तर आठवा लागतो तेव्हा साधारण तीस आठवडे झालेले असतात. चार आठवड्यांचा एक महिना धरला तर अठ्ठावीसच होतात. पाळी चुकली त्या दिवसापासून मोजणाऱ्या घरात हाच ‘आठवा’ चौतिसाव्या आठवड्यापर्यंत जातो. एका वाक्यात सहा आठवड्यांचा घोळ. अठ्ठावीस आठवड्यांचे बाळ किलोभराचे असते, त्याला श्वासासाठी यंत्राची मदत लागते आणि कित्येक दिवस नळीने दूध द्यावे लागते. चौतीस आठवड्यांचे बाळ दोन किलोच्या आसपास असते आणि बऱ्याचदा थोड्या मदतीवर तरते. दोघांना लागणारे रुग्णालय वेगळे, आईला द्यायचे औषध वेगळे आणि घरच्यांच्या हातात असलेला वेळही वेगळा.

सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ म्हणजे अपुऱ्या दिवसांचे बाळ, ही वैद्यकातली व्याख्या आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे जन्मली, म्हणजे दर दहांत एक. त्यातली ३० लाख भारतातली, इतर कुठल्याही देशापेक्षा जास्त. पाच वर्षांच्या आत दगावणाऱ्या मुलांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण अपुऱ्या दिवसांमुळे होणारी गुंतागुंत हेच आहे. एवढा मोठा प्रश्न, आणि त्याच्याशी लढताना लागणारी पहिली माहिती म्हणजे नेमका आठवडा. तीच घरात कुणाला पाठ नसते.

महिन्यांच्या या हिशेबाला एक जुनी समजूत चिकटलेली आहे. सातव्यातले जगते, आठव्यातले जगत नाही. खेड्यातच नव्हे, शिकल्या-सवरल्या घरांतही ती ऐकू येते. ती फार जुनी आहे. आठव्या महिन्यात ओज आई आणि गर्भ यांच्यात अस्थिर असते, म्हणून त्या महिन्यातला जन्म धोक्याचा, असे चरकसंहितेत सांगितले आहे. ग्रीकांच्या हिपोक्रेटिसच्या परंपरेत तर आठव्या महिन्याच्या बाळावर स्वतंत्र ग्रंथ आहे. दोन संस्कृतींना एकच गोष्ट वाटली म्हणून ती खरी ठरत नाही. पोटातला प्रत्येक आठवडा बाळाच्या फुप्फुसांना, मेंदूला आणि आतड्यांना थोडे अधिक तयार करतो. तिसावा आठवडा अठ्ठाविसाव्यापेक्षा बरा, तेहतिसावा तिसाव्यापेक्षा बरा. मधेच उलटा फिरणारा जिना कुठे नाही. सातमाशी बाळ धडधाकट निघाल्याच्या ज्या गोष्टी गावोगाव सांगतात, त्यांतल्या काही चुकलेल्या तारखांच्या असतात. काही, लग्नानंतर सातव्या महिन्यात जन्मलेल्या पूर्ण दिवसांच्या बाळांच्या. त्या काळी कुणी फार चौकशी करत नसे, एवढेच.

समजूत निरुपद्रवी असती तर सोडून देता आली असती. पण तिच्यामुळे चुका होतात, आणि त्या दोन्ही बाजूंनी होतात. आठव्यात कळा आल्या की ‘आता काय हाती लागणार’ म्हणून काही घरे आधीच खचतात आणि मोठ्या रुग्णालयापर्यंतचा खर्च व धावपळ टाळतात. दुसरीकडे, नववा लागला की ‘दिवस भरलेच’ असे धरून मुहूर्तावर सिझेरियन मागणारेही आहेत. नऊ महिने नऊ दिवस ही आपल्या भाषेतली मोजणी शास्त्राच्या अगदी जवळ आहे. शेवटच्या पाळीपासूनचे चाळीस आठवडे म्हणजे २८० दिवस, म्हणजे नऊ महिने आणि आठवडाभर. नववा लागणे आणि दिवस भरणे यांत महिन्याहून जास्त अंतर असते.

आठव्या महिन्यातले बाळ जगते की नाही, हे महिना ठरवत नाही. त्या वेळी हाताशी काय आहे, ते ठरवते. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक ७ ऑगस्ट १९६३ रोजी जन्मला. साडेपाच आठवडे आधी, सव्वादोन किलोंच्याही आत वजन. जगातल्या सर्वांत बलाढ्य घरातले ते बाळ ३९ तासांत गेले, कारण त्याची फुप्फुसे उघडी राहत नव्हती. फुप्फुसांतल्या बारीक पिशव्या चिकटून बसू नयेत म्हणून शरीर एक साबणासारखा निसरडा पदार्थ तयार करते. त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळात तो कमी पडतो, हे मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ मध्येच दाखवले होते. पण तेव्हा त्यावर इलाज नव्हता. आज त्याच दिवसांचे, त्याच वजनाचे बाळ नाकातून सौम्य दाबाने हवा देणाऱ्या सीपॅप यंत्रावर बहुतेक वेळा काही दिवसांत सावरते.

याहून स्वस्त उपाय मात्र बाळ जन्मण्याआधीचा आहे. न्यूझीलंडमध्ये ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांवर काम करत होते. स्टेरॉइड दिल्यावर वेळेआधी जन्मलेल्या कोकरांची फुप्फुसे अपेक्षेपेक्षा चांगली उघडलेली त्यांना आढळली. रॉस हॉवी या बालरोगतज्ज्ञांबरोबर त्यांनी ऑकलंडमध्ये २८२ मातांवर प्रयोग केला आणि १९७२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. आईला दिलेल्या इंजेक्शनमुळे बाळाला श्वासाचा त्रास कमी होतो, मृत्यूही कमी होतात, असे दिसले. काही रुपयांचे औषध, दोन दिवसांत पूर्ण होणारा डोस. भारत सरकारने २०१४ मध्ये याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान कळा सुरू झाल्या तर मोठ्या रुग्णालयात पाठवण्याआधी उपकेंद्रातल्या एएनएम सिस्टरनेही पहिला डोस द्यावा, असे त्यात म्हटले आहे.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. पुढचा भाग शिरोळच्या वाचकाला जवळचा वाटावा, कारण तो बेळगावात आणि तिकडे नागपुरात घडला.

२०११ ते २०१४ या काळात सहा देशांत एक मोठी चाचणी झाली. भारतातली तिची केंद्रे बेळगाव आणि नागपूर. हे इंजेक्शन गावपातळीवर, लहान दवाखान्यांत, जास्तीत जास्त बायकांपर्यंत पोहोचवले तर काय होते, हे पाहायचे होते. जवळपास एक लाख प्रसूतींचा हिशेब ठेवला गेला. निकाल २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि अनेकांना धक्का बसला. सर्वांत लहान बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत. सगळ्या बाळांचा एकत्र विचार करता नवजात मृत्यू दर हजारी साडेतीनने वाढले, आणि मातांमध्ये जंतुसंसर्गाची शंका जास्त वेळा आली. औषध तेच होते, ऑकलंडमध्ये चाललेले. मग असे का झाले?

एक कारण आठवड्यांचे. बऱ्याच बायकांची तारीख खात्रीची नव्हती. तारीख नसेल तिथे पोटाची उंची टेपने मोजून अंदाज बांधला जाई. साहजिकच ज्यांची बाळे अपुऱ्या दिवसांची नव्हतीच, ज्यांची प्रसूती पुढे व्यवस्थित दिवस भरून झाली, अशा कितीतरी बायकांना हे औषध मिळाले. दुसरे कारण जागेचे. इंजेक्शन दिल्यावर पुढे जन्मणाऱ्या लहान बाळाला ऊब, श्वासाची मदत, संसर्गावर औषध द्यायला सगळीकडे सोय नव्हती.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने दुसरी चाचणी घेतली. पाच देशांतली २९ रुग्णालये, आणि भारतातले काम पुन्हा बेळगावात, जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या संशोधकांकडे. या वेळी सोनोग्राफीने आठवडे पक्के केलेल्या आणि नवजात बाळांची चांगली सोय असलेल्या रुग्णालयांत आलेल्या बायकाच घेतल्या. निकाल २०२० मध्ये आला. इंजेक्शन मिळालेल्या मातांच्या बाळांत मृत्यू १९.६ टक्के, न मिळालेल्यांत २३.५ टक्के. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्यापेक्षा आधी थांबवली गेली. आता जागतिक आरोग्य संघटना हे औषध देताना अटी घालते. आठवडा खात्रीचा हवा, आठवड्याभरात प्रसूती होण्याची दाट शक्यता हवी, आईला संसर्ग नको, आणि आई व बाळ दोघांचीही नीट काळजी घेता येईल असे ठिकाण हवे.

सरकारी योजनांच्या भाषणांत यंत्रांचीच नावे जास्त येतात. काचेच्या पेट्या आल्या, कक्ष झाला, उद्घाटन झाले. पेटी लागतेच, त्यात वाद नाही. पण बेळगावचे हे दोन निकाल शेजारी ठेवले, तर पेटीआधीची दोन कामे जास्त मोलाची दिसतात. एक, गर्भारपणाच्या सुरुवातीलाच आठवडा पक्का करणे. दोन, बाळ पोटात असतानाच आईला योग्य जागी नेणे.

पहिले काम सोपे आहे आणि तरीही राहून जाते. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी आठवडाभराच्या आतबाहेर तारीख सांगते. तीच सातव्या-आठव्या महिन्यात केली तर दोन-तीन आठवड्यांची चूक सहज होते, कारण तोवर कुठले बाळ लहान चणीचे आणि कुठले लहान दिवसांचे, हे मापावरून ओळखता येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात सोनोग्राफी म्हटले की गर्भलिंगनिदानाचा इतिहास आठवतो आणि लोक बिचकतात. तारखेसाठीच्या तपासणीला कायद्याची आडकाठी नाही, हे उपकेंद्रांवर पुन्हा पुन्हा सांगायला हवे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तपासणी होते. त्या दिवशी प्रत्येक बाईला ‘आज तुझे एवढे आठवडे झाले’ असे तोंडी सांगून माता-बाल संरक्षण कार्डावर ठळक लिहायला मिनिट लागत नाही.

हे लिहिणे का हवे, ते माहेरच्या रिवाजात दिसते. पहिल्या बाळंतपणाला मुलगी सातव्यात, ओटीभरण झाल्यावर माहेरी येते. शिरोळच्या मुली सांगली-मिरजेकडे दिलेल्या असतात, चिकोडी-निपाणीकडेही दिलेल्या असतात. म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा धोका ज्या आठवड्यांत, नेमक्या त्याच आठवड्यांत तिचा दवाखाना बदलतो, जिल्हा बदलतो, कधी राज्यही बदलते. फाईल सासरी कपाटात राहते. एसटीत बसताना डब्यांची पिशवी विसरत नाही, पण पहिल्या सोनोग्राफीचा कागद राहतो.

ऊसतोडीला येणाऱ्या बायकांची अडचण याहून मोठी आहे. गळीत हंगामात बीडकडून आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून टोळ्या शिरोळच्या फडांवर उतरतात. गरोदर बाई कोयत्याने ऊस तोडते, मोळी डोक्यावर घेते, पहाटे अंधारात उठते. तिची नोंद गावाकडच्या आशाताईकडे असते, आणि कळा इथल्या खोपटात येतात. कारखान्याच्या तळावर टोळी उतरली की पहिल्या आठवड्यातच गर्भवतींची आठवड्यांसह नोंद व्हावी, ही फार मोठी मागणी नाही. बैलांना टोचलेल्या लसीची नोंद तळावर मिळते.

मिश्रीबद्दलही बोलायला हवे. या भागात दात घासायच्या नावाखाली मिश्री लावणाऱ्या बायका आजही आहेत, आणि गरोदरपणात मळमळ थांबते म्हणून ती वाढते. मुंबईत १२१७ गर्भवतींचा पाठपुरावा करून २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला. धूररहित तंबाखू, म्हणजे मुख्यतः मिश्रीच, वापरणाऱ्यांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी होती आणि सहा दिवस आधी जन्मली. सहा दिवस ही सरासरी आहे. काहींच्या बाबतीत ते आठवडे असतात. वेळेआधी कळा येण्याची इतर कारणेही आहेतच. लघवीतला किंवा योनीमार्गातला संसर्ग, रक्तदाब, जुळे, आखूड गर्भाशयमुख, आधीची अपुऱ्या दिवसांची प्रसूती. पुष्कळदा तर कारण सापडत नाही, आणि मग घरात सुनेच्या चालण्या-बोलण्यात ते शोधले जाते. जिना चढली म्हणून, पपई खाल्ली म्हणून. त्या शोधाचा उपयोग कुणालाच नसतो.

उपयोग होतो तो लक्षण ओळखण्याचा. वेळेआधीच्या कळा नेहमी ‘कळा’ म्हणून येत नाहीत. कंबर धरते, खाली जड वाटते, पोट दर दहा-पंधरा मिनिटांनी कडक होऊन सैल होते, पाणी जाते, अंगावर थोडे लाल दिसते. ‘खोट्या कळा असतील, सकाळपर्यंत बघू’ हे घरातले सर्वांत महाग वाक्य आहे. कळा थोपवणारी औषधे प्रसूती महिनाभर पुढे ढकलत नाहीत. ती दिवस, फार तर दोन दिवस मिळवून देतात. ते दोन दिवस इंजेक्शन लागू पडायला आणि आईला हलवायला पुरतात. रात्र घरात गेली की दोन्ही हातचे जाते.

हलवायचे कुठे? कमी दिवसांच्या बाळाला जन्मल्यावर रुग्णवाहिकेतून नेण्यापेक्षा ते आईच्या पोटात असताना नेणे कितीतरी सुरक्षित असते. तिथे ऊब आहे, रक्तपुरवठा आहे, धक्के कमी आहेत. शिरोळहून मिरज-सांगली जवळ, कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय त्याच्या दुप्पट लांब. कुठे नवजात बाळांचा विशेष कक्ष आहे, सीपॅप आहे, हे सातवा लागण्याआधी घरच्यांना माहीत असावे. १०२ किंवा १०८ ला फोन लावताना पहिल्या वाक्यात आठवडे सांगता यावेत.

आणि शिरोळला पूर येतो. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा या चार नद्यांचा हा तालुका. २००५, २०१९, २०२१ मध्ये गावेच्या गावे बेटे झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली रस्ता आणि पुणे-बंगळूर महामार्ग दोन्ही पाण्याखाली होते. अशा तालुक्यात पावसाळ्याआधी गर्भवतींची यादी करायची तर ती ‘जुलै-ऑगस्टमध्ये प्रसूत होणाऱ्या’ बायकांची करून चालणार नाही. ऑक्टोबरची तारीख असलेली बाई ऑगस्टमध्ये प्रसूत होऊ शकते, आणि तिचेच बाळ सर्वांत नाजूक असते. यादी अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून पुढच्या सगळ्यांची हवी. त्यात जुळी असलेल्या, रक्तदाब असलेल्या, आधीचे बाळ कमी दिवसांचे झालेल्या बायका सर्वांत आधी हलवायला हव्यात. नृसिंहवाडीच्या देवळाच्या पायऱ्यांवर पाणी चढू लागले की तालुक्याला पुढचा अंदाज येतो. तेवढी सूचना या बायकांना पुरेशी आहे, यादी तयार असेल तर.

जन्मानंतरचा सर्वांत स्वस्त उपाय आईच्या छातीवर आहे. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ मध्ये पेट्या कमी पडल्या, तेव्हा डॉक्टरांनी बाळे उघड्या अंगाने आईच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. त्याला कांगारू पद्धत म्हणतात. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या चाचणीत दिसले, की बाळ स्थिर व्हायची वाट न पाहता जन्मल्यापासूनच असे ठेवले तर महिन्याभरातले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर येतात. त्यासाठी आईला कक्षाच्या दाराबाहेर बाकावर बसवून चालत नाही, तिची खाट आत लागते. ज्या आईला पहिले दिवस दूध कमी येते, तिच्या बाळाला दुसऱ्या आईचे दूध देण्याची सोय मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ पासून आहे. आशियातली ती पहिली दूधपेढी. तालुक्याच्या ठिकाणाहून ते दूर वाटते, पण आईचे पिळलेले दूध वाटी-चमच्याने पाजायला पेढी लागत नाही.

बाळ घरी आले की आशाताई बेचाळीस दिवसांपर्यंत घरी येऊन बाळ पाहतात. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून नवजात मृत्यू निम्म्याहून जास्त कमी करून दाखवले, त्यातून ही पद्धत देशभर गेली. या भेटींत एक गोष्ट हमखास सुटते. चौतीस आठवड्यांआधी किंवा दोन किलोंपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर महिन्याभरात तपासावा लागतो, फारच लहान असेल तर त्याहीआधी. अपुऱ्या दिवसांच्या पडद्यात रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढून दृष्टी कायमची जाऊ शकते. वेळेत सापडले तर लेसरने ती वाचते, आणि ते वाचवायचे दिवस थोडेच असतात. बाळाचे डोळे बाहेरून अगदी टपोरे, छान दिसतात, त्यामुळे घरच्यांना शंकाही येत नाही. त्यात आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना उंबरठा ओलांडत नाही. तीस दिवसांची तपासणी आणि सदतीस-अडतीस दिवसांचा सव्वा महिना. घरी सोडतानाच्या कागदावर डोळ्यांच्या तपासणीची तारीख लाल शाईने लिहिली, आणि ती आजीबाईंना वाचून दाखवली, तर उंबरठा एका दिवसापुरता ओलांडायला आजी बहुधा नाही म्हणणार नाहीत.